खंड्याची समाधि

आमच्या गिरगांवांतील चाळीच्या जिन्याखालीं राहणारें म्हातारें कुत्रें गेल्या महिन्यांत मेलें. नातवंडांनीं त्याला पुरावयास जागा मागितली. आम्हीं म्हटलें, "महापालिकेची गाडी येईल, कुत्र्याला कसली समाधि?"

मुलें निमूट झालीं. परंतु दुसऱ्या दिवशीं थोरल्या नातवानें लंडनच्या हायगेट दफनभूमींतील एका थडग्याचें छायाचित्र आमच्यापुढें धरलें. तें टॉम सेयर्स या नामांकित मुष्टियोद्ध्याचें. १८६० सालीं अमेरिकेच्या हीननशीं त्याची झुंज दोन तासांहून अधिक चालून अनिर्णीत राहिली होती. १८६५ त तो वारला, तेव्हां 'लायन' नांवाचा त्याचा कुत्रा अंत्ययात्रेंत मुख्य सुतकी म्हणून गाडींत बसला होता! त्याचीच पाषाणमूर्ति धन्याच्या थडग्यापुढें आजहि पहुडलेली आहे, आणि तें थडगें संरक्षित वास्तूंत गणलें जातें.

हें इंग्रजांचें खूळ म्हणून आम्ही सुटणार होतों. पण जीभ अडखळली. साताऱ्याजवळ संगम माहुलीस विश्वेश्वराच्या दर्शनास गेलों असतां शाहू महाराजांच्या खंड्याची समाधि आम्हीं स्वतः पाहिली आहे. शिकारींत वाघापासून त्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान मिळाला, असें ग्रँट डफ लिहितो. महाराजांनीं त्याला जरीवस्त्रें व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, हेंहि तोच सांगतो. मात्र ती गोष्ट तो बुद्धिभ्रंशाच्या काळांत घालतो. घालो बापडा! पालखी देणाऱ्याची बुद्धि आम्हांस तरी शाबूत दिसते.

वाचकहो, खरी लाज पुढेंच आहे. धर्मराजानें श्वानावांचून स्वर्ग नाकारला, हा महाप्रस्थानिक पर्वांतील प्रसंग आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला. 'आनृशंस्य' शब्दाची फोड फळ्यावर करून दाखविली. आणि आपल्याच जिन्याखालीं तो शब्द आम्हांस आठवला नाहीं.

गाडी केव्हांच येऊन गेली होती. त्याचें गोणपाट तेवढें अजून तेथें आहे. तें हलवूं नये, असें आम्हीं झाडणाऱ्यास सांगितलें आहे.