पहिला प्रवेश दोनदा वाचा

माझी नात इथे अमेरिकेत अकरावीत आहे. परवा तिने शाळेतून एक कागद आणला. आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' नाटकाची सुरुवातीची तीन पाने, आणि खाली प्रश्न: यावरून नाटकाचा सूर व विषय सांगा. तिने लिहिले, सूर उदास. विषय थकवा, पैसा, म्हातारपण. पैकीच्या पैकी गुण! पुढचे नाटक वर्गात वाचणार नाहीत, वेळ नाही म्हणे. शोकांतिका शिकवण्याची ही रीत मला साफ नामंजूर आहे.

मी काही साहित्यातली पंडित नव्हे, निवृत्त नर्स. पण त्या तीन पानांत काय आहे ते पाहा. नाटक 1949 सालचे. विली लोमन नमुन्यांच्या दोन जड पेट्या घेऊन रात्री ब्रुकलिनच्या घरी परततो. फिरतीवर निघालेला, पण गाडी सारखी रस्त्याच्या कडेला जाऊ लागली म्हणून मागे वळलेला. बायको लिंडा आधी विचारते, गाडी आपटली तर नाही? मग सबबीही तीच पुरवते. स्टिअरिंग बिघडले असेल, चष्मा बदलायचा राहिला, अ‍ॅस्पिरिन देऊ का. दोष आपलाच असे तो सांगतो, ते ती मनावर घेत नाही. थोरल्या मुलाला विली आळशी म्हणतो आणि थोड्याच वेळात तो आळशी नाही असे ठासून सांगतो.

एवढेच वाचले तर लिंडा ही एक काळजी करणारी बायको. पण त्याच अंकात पुढे ती मुलांना सांगते की विमा कंपनीच्या मते गेल्या वर्षीचे अपघात हे अपघात नव्हतेच, आणि तळघरात तिला रबरी नळी सापडली आहे. म्हणजे पहिल्या प्रवेशातच तिला सारे ठाऊक होते! ती गाडीबद्दल विचारतच नव्हती. हे तीन पानांत कसे कळावे?

नोकरीत असताना एका रात्री एक गृहस्थ दाखल झाले. चष्मा नव्हता म्हणून गोळ्या चुकून जास्त घेतल्या, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. मी तसेच टिपले. दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी गाठून तिने खरे ते सांगितले. मग मी माझी नोंद काढून पाहिली. चष्म्याचा उल्लेख तीनदा होता. (गृहस्थ वाचले.)

शिक्षक म्हणतील, मुलांना धीर नाही. मालिकेचे सहा भाग एका बैठकीत पाहायला बरा धीर असतो! आमची आई फार शिकलेली नव्हती. पण 'नटसम्राट' पाहताना आप्पासाहेब मुलांना सगळे वाटून टाकू लागले, तेव्हा ती पुटपुटली, "थोडं जवळ ठेवा हो." पुढे काय होते ते पुरते पाहिल्यावर घरी येऊन पुन्हा त्या वाटणीवरच बोलत बसली. शेवटाहून परत सुरुवातीकडे येणे तिला कोणी शिकवले नव्हते. पालकांनो, मुलांच्या शाळेत जाऊन विचारा, पुढची पाने कुठे आहेत?

नातीने व मी चार शनिवारी दुपारी बसून नाटक पुरे केले. मग तिने तो कागद पुन्हा काढला आणि 'उदास' हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहावे ते अजून ठरलेले नाही.