व्हीपीएन जोडलं, तरी ऑफिस उघडेना. दोष गावच्या नेटचा की नंबरांचा?

पोंभुर्णा : घरी बसून पुण्या-नागपूरच्या कंपनीचं काम करणाऱ्या पोरांसमोर एक अडचण हमखास येते. लॅपटॉपवर व्हीपीएन जोडलं जातं, यूट्यूबही चालतं, पण ऑफिसच्या सर्व्हरवरची फाईल काही उघडत नाही. मग 'गावाकडं नेट खराब' असा शिक्का बसतो. पण नेटच खराब असतं, तर बाकी सगळं कसं चाललं असतं?

खरं कारण बहुतेकदा नंबरांची टक्कर हे असतं. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे नंबर जगात साधारण ४३० कोटीच. ते पुरणार नाहीत म्हणून १९९४ मध्ये काही नंबर घर आणि ऑफिसच्या आतल्या वापरासाठी सर्वांना मोकळे ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर त्यातलेच. बरेच राऊटर कारखान्यातूनच १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ लावून येतात. घरी कुणी ते बदलत नाही आणि लहान ऑफिसातही नाही.

घोळ इथंच होतो. एकाच नावाची दोन गावं असली, की कागदोपत्री खुर्द आणि बुजरूक लावून ती वेगळी ओळखतात. इथं तसं काही लावलेलं नसतं. ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० आणि घरचं वायफायही १९२.१६८.१ चं. लॅपटॉपला वाटतं, सर्व्हर आपल्याच घरात आहे. तो तिथंच शोधत बसतो, व्हीपीएनच्या वाटेनं जातच नाही.

ओळखायचं कसं? मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पाहा. त्यावर सर्व्हर उघडला आणि घरच्या वायफायवर नाही, तर टक्कर असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला लॅपटॉपचा घरचा आयपी बघा आणि ऑफिसचे नंबर आयटीवाल्यांना विचारा. पहिले तीन आकडे सारखे निघाले, तर दुखणं सापडलं.

उपाय बिनखर्चाचा आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'लॅन'खाली १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.५७.१ असा वेगळा नंबर टाकून सेव्ह करा. राऊटर बंद-चालू झाला, की वायफाय पुन्हा जोडा. सीसीटीव्ही किंवा प्रिंटरला पक्का नंबर दिलेला असेल, तर तोही बदलावा लागेल. सेटिंगला कुलूप असेल तर फायबरवाल्याला सांगा. कंपनीच्या लॅपटॉपची सेटिंग मात्र विचारल्याशिवाय छेडू नका.

दूरसंचार विभागानं ५ नोव्हेंबर २०२० ला बीपीओ-आयटी सेवांचे नियम सैल केले, घरून काम करणं सोपं झालं. पण अनेक ऑफिसांची नेटवर्कं त्याआधीची, बाहेरून कुणी जोडेल हा विचार न करता टाकलेली. ऑफिसनं एकदा आपले नंबर बदलले, तर सगळ्यांचीच सुटका होते. नाही बदलले, तर प्रत्येकानं आपापल्या घरी निस्तरायचं आणि तोवर खाडा पोराच्या नावावर.

शेतीला जोड म्हणून गावात राहून नोकरी करणाऱ्याला हा खाडा परवडत नाही. असेच खाडे वाढले, तर तो पुन्हा शहरात खोली भाड्यानं घेणार. म्हणून 'नेट खराब' हे उत्तर मिळालं, की मान डोलावू नका. आधी दोन्हीकडचे नंबर विचारा.