भुतांच्या पार्टीत गाणी कोण लावतंय?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की पुण्या-मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक मेसेज हमखास पडतो. शनिवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये लहान मुलांची हॅलोविन पार्टी. चेहरे रंगवून मिळतील, चॉकलेटं प्रत्येकाने आणायची. खाली कुणीतरी विचारतं, म्युझिकचं कोण बघणार? आणि दोन मिनिटांत नाव ठरतं. तिसऱ्या मजल्यावरचा दादा नाहीतर ताई, म्हणजे तुम्ही. कॉलेजात आहात, घरी ब्लूटूथ स्पीकर आहे, एवढी पात्रता पुरते. मास्टर्स करायला अमेरिकेत गेलेल्यांचीही यातून सुटका नाही. तिकडे तर हा सण घरोघरी असतो, आणि ज्या मावशीकडे वीकेंडला वरण-भात मिळतो तिच्याच घरी मुलांच्या पार्टीत फोन तुमच्या हातात दिला जातो.

हॅलोविन आपला की परका, हा वाद आज नको. आयरिश लोकांनी तो १९व्या शतकात अमेरिकेत नेला, तिथे सलगमाऐवजी भोपळा कोरायला लागले, आणि आता तो आपल्या क्लब हाउसपर्यंत आलाय. आलाच आहे, तर त्या हॉलमध्ये मध्यभागी चेटकिणीची टोपी घालून उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोरीकडे बघू. तिच्या कानावर पुढचे दोन तास काय पडणार, हे तुमच्या अंगठ्यावर आहे.

आपण काय करतो? अ‍ॅपमध्ये 'हॅलोविन' टाइप करतो, पहिली प्लेलिस्ट उघडतो, गाण्यांपुढे तो इंग्रजी 'ई' आहे का बघतो. नसेल तर ओके, लाव. या 'ई'ची गोष्ट मजेशीर आहे. १९८५ साली अमेरिकेत टिपर गोर आणि आणखी काही राजकारण्यांच्या बायका रेकॉर्ड कंपन्यांच्या मागे लागल्या. टिपरबाईंनी आपल्या मुलीसाठी प्रिन्सचा 'पर्पल रेन' अल्बम आणला होता, आणि त्यातल्या एका गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या. प्रकरण सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं आणि शेवटी कंपन्यांनी अल्बमवर पालकांना इशारा देणारा शिक्का छापायला सुरुवात केली. आजचा 'ई' हा त्याच शिक्क्याचा वंशज. पण एक लक्षात घ्या. शिक्का कंपनीच लावते, आणि तो लागतो तो शिव्या, सेक्स, हिंसा, ड्रग्ज यांच्या उल्लेखावर. गाणं ऐकून पोराची झोप उडेल का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

उदाहरण घ्या. जॉन कार्पेंटरच्या १९७८च्या 'हॅलोविन' सिनेमाची धून. पाच मात्रांत फिरणारा पियानो, तेच तेच सूर, खाली एक जड घरघर. एकही शब्द नाही, म्हणजे शिक्का लागायचा प्रश्नच नाही. आणि सिनेमाचं नावच 'हॅलोविन' असल्यामुळे ती असल्या प्लेलिस्टमध्ये सहज येऊन बसते. तीच गत 'एक्झॉर्सिस्ट'मुळे गाजलेल्या माइक ओल्डफिल्डच्या 'ट्युब्युलर बेल्स'ची आणि 'सायको'मधल्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांची. संगीत म्हणून तिन्ही भारी. पण ते रचलंय मोठ्या माणसाच्या अंगावर काटा आणायला. काहीतरी येतंय, कुठून येतंय ते कळत नाही, आणि ते थांबत नाही. मोठ्याला माहीत असतं की सिनेमा संपला की दिवे लागतात. पाच वर्षांच्या पोराला ते अजून पक्कं माहीत नसतं.

खुद्द डिस्नेने १९६४ साली झपाटलेल्या घरातल्या आवाजांची एक रेकॉर्ड काढली होती. करकरणारी दारं, किंकाळ्या, साखळ्या वगैरे. कंपनीनेच सांगून टाकलं होतं की ही मोठ्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी आहे, चिमुरड्यांसाठी नाही. म्हणजे मिकी माउसवाल्यांनाही कळत होतं की नावावर जाऊन चालत नाही.

आता उलटी बाजू. १९६२ साली बॉबी पिकेट नावाच्या गायकाचं 'मॉन्स्टर मॅश' ऐन हॅलोविनच्या तोंडावर अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. बीबीसीने मात्र ते फारच अभद्र म्हणून वाजवायला नकार दिला. अभद्र काय होतं त्यात? एक वेडा शास्त्रज्ञ राक्षस बनवतो, राक्षस टेबलावरून उठतो आणि कुणाला खायच्या ऐवजी नाचायला लागतो. मग पार्टी जमते. ड्रॅक्युला येतो आणि चिडतो, का? तर त्याच्या काळचा डान्स आता चालत नाही म्हणून. झालं. शवपेटीचा आवाज म्हणजे फळीतून उपसलेला गंजका खिळा, आणि उकळत्या कढईचा आवाज म्हणजे पाण्यात स्ट्रॉने काढलेले बुडबुडे. हे मुलांना सांगा आणि एक ग्लास, एक स्ट्रॉ हातात द्या, पार्टीतली पंधरा मिनिटं तिथेच वसूल. बीबीसीच्या देशात हे गाणं १९७३ला पुन्हा आलं आणि तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

या दोन उदाहरणांत माझं सगळं म्हणणं आलं. मुलांच्या पार्टीत भूत असायलाच हवं. भूत काढून टाकून नुसती बालवाडीची गाणी लावली तर सात वर्षांची पोरं तुम्हाला हसतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण ते भूत असं हवं की ज्याला मूल हसू शकेल, ज्याच्यासारखं चालून दाखवू शकेल, ज्याला 'ए, जा ना' म्हणू शकेल. भीतीचा रिमोट मुलाच्या हातात राहिला पाहिजे. त्यासाठी गाण्याचे शब्द तपासणं पुरत नाही, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागतं. हो, शेवटपर्यंत.

कारण 'थ्रिलर'. ते वाजल्याशिवाय हॅलोविन होत नाही, आणि ताल असा की दोन वर्षांचं बाळही उड्या मारतं. पण शेवटाला व्हिन्सेंट प्राइसचं ते बोलणं येतं आणि मग ते हसणं. मोठ्यांच्या पार्टीत त्यावर टाळ्या पडतात. लहानांच्या पार्टीत तिथेच पहिलं रडू फुटतं. साधा उपाय आहे, त्याआधी आवाज उतरवत न्या आणि पुढचं गाणं घ्या. आणि कृपा करून टीव्हीवर त्याचा व्हिडिओ लावू नका. १९८३चा तो जवळपास चौदा मिनिटांचा व्हिडिओ जॉन लँडिसने हॉररपटासारखाच केलाय, मायकल जॅक्सनचा राक्षस होतो त्यात. सुरुवातीला पाटी आहे की या सिनेमातून भुताखेतांच्या श्रद्धेचं समर्थन करायचं नाही. ती पाटी धार्मिक कारणासाठी होती, मुलांसाठी नव्हती.

बाकी इंग्रजी यादी फार लांबवायची गरज नाही. शेब वुलीचं १९५८चं 'पर्पल पीपल ईटर' घ्या. एक डोळा, एक शिंग, माणसं खातो म्हणून सगळे घाबरतात, आणि त्याला हवं काय तर रॉक अँड रोल बँडमध्ये नोकरी. रे पार्कर ज्युनियरचं 'घोस्टबस्टर्स' घ्या, त्यात प्रश्न विचारला की अख्खा हॉल ओरडून उत्तर देतो. 'अ‍ॅडम्स फॅमिली'ची धून घ्या, चुटक्या वाजवायला. ज्यांना चुटकी येत नाही ती मुलं पुढची दहा मिनिटं चुटकीच शिकत बसतात, तोही खेळच.

पण ज्यावर मी जीव टाकीन ते गाणंच नाहीये. फ्रेंच संगीतकार साँ-साँसची १८७४ची 'दान्स माकाब्र' ही रचना. मध्यरात्री मृत्यू व्हायोलिन वाजवतो आणि सांगाडे कबरींतून उठून नाचतात. सुरुवातीला हार्पचा एकच सूर बारा वेळा वाजतो. मुलांना मोजायला लावा, बारा वाजले! हाडांचा खडखडाट झायलोफोनवर आहे, तो ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. आणि शेवटी कोंबडा आरवतो, ओबोवर, की सगळे सांगाडे परत आत. कोंबडा आरवला की भुतं पळतात हे आजीच्या गोष्टीत ऐकलेलं पोरगं इथे बरोबर मान डोलावतं. साधारण सात मिनिटांत भीती येते, नाचते आणि घरी जाते. ग्रीगचं 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग'ही असंच वापरता येतं. सुरुवातीला चोरपावलांनी चालायचं, मग वेग वाढत जातो, शेवटी नुसती पळापळ. याला कुठल्याही भाषेचे शब्द लागत नाहीत, हा आणखी एक फायदा. स्क्रीन लावायचाच असेल तर डिस्नेची १९२९ची 'स्केलेटन डान्स' लावा. एक सांगाडा दुसऱ्याच्याच हाडांवर झायलोफोन वाजवतो, कृष्णधवल असूनही मुलं खिदळतात.

आपल्याकडचं काही? इथे गंमत आहे. हिंदी सिनेमाची भुताची गाणी म्हणजे 'महल'मधलं 'आएगा आनेवाला', 'वो कौन थी'मधलं 'नैना बरसे'. अप्रतिम, पण ती विरहाची गाणी आहेत. मुलं घाबरणार नाहीत, पाणी प्यायला निघून जातील. मुलांचं भूत हवं असेल तर सत्यजित राय यांच्या १९६९च्या 'गूपी गाइन बाघा बाइन'मधला भुतांचा नाच बघा. सहा मिनिटांहून जास्त वेळ राजे, साहेब, ढेरपोटे अशी सगळी भुतं नुसत्या तालवाद्यांवर नाचतात. मृदंगम, घटम अशी दक्षिणेकडची वाद्यं. ढोलपथकात असाल तर तुमच्या हातांना लगेच खाज सुटेल. सुटू द्या, ढोल नको पण ताशा आणा, भुतांची मिरवणूक काढा. आणि मराठी बालनाट्याला हे गणित कधीपासूनच माहीत आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडे वैभव मांगले यांनी. बाप्या माणूस चेटकीण झालाय, हे पोरांना दिसत असतं. म्हणून ती किंचाळतातही आणि हसतातही.

आता जरा अवघड मुद्दा. सोसायटीच्या पार्टीत मुलांना भुताच्या गाण्याने जेवढा त्रास होत नाही, तेवढा 'पार्टी साँग्स'ने होतो. अर्ध्या तासाने कुणीतरी काका येऊन म्हणतात, "अरे, काहीतरी नाचण्यासारखं लाव ना," आणि आयटम साँग सुरू होतं. सगळे मोबाइल वर जातात. आठ वर्षांची मुलगी मधोमध त्या स्टेप्स करते, मोठी माणसं शिट्ट्या मारतात, व्हिडिओ रात्रीच्या आत चार ग्रुपवर फिरतो. तिला शब्दांचा अर्थ माहीत नसतो, शिट्ट्यांचा मात्र ती काहीतरी अर्थ लावून घेते. हिंदी द्व्यर्थी गाण्यांपुढे 'ई' दिसत नाही, त्यामुळे अ‍ॅप तुम्हाला वाचवणार नाही. इथे नाही म्हणायचं काम तुमचंच. काकांशी तत्त्वाची चर्चा घालत बसू नका. "काका, नेट गेलंय, डाउनलोड केलेलंच वाजतंय," एवढं पुरतं. खोटं आहे, पण चालेल.

त्यासाठी खरंच डाउनलोड करून ठेवा. वीस गाणी भरपूर झाली, मुलं एकच गाणं चारदा मागतात. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर तुमची यादी संपली की अ‍ॅप स्वतःच्या अकलेने कार्पेंटर लावेल. किंकाळ्यांचे साउंड इफेक्ट नकोत, दाराची करकर आणि घुबड चालेल. स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवू नका. लहान मुलं नेमकी स्पीकरलाच चिकटून उभी राहतात, तेव्हा मोठ्या माणसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला मध्यम वाटणारा आवाज तिथे फार असतो. चार वर्षांखालची मंडळी बहुतेक पहिला पाऊण तासच थांबतात, तेव्हा चुटक्या आणि पर्पल राक्षस आधी, 'थ्रिलर' नंतर.

आणि एखादं पोर कानावर हात ठेवून भिंतीला टेकलेलं दिसलं, तर त्याला "घाबरतोस काय?" म्हणू नका. फोन त्याच्या हातात द्या आणि पॉजचं बटण दाखवा. त्याने बटण दाबलं की सगळ्या भुतांनी स्टॅच्यू व्हायचं, परत दाबलं की नाचायचं. चार-पाच वेळा अख्खा हॉल त्याच्या एका बोटावर थांबला की फोन परत मागणं तुम्हालाच जड जाईल.