रबरी मासा आणि मी

गेल्या श्रावणात माझ्या हातून एक अपहार झाला. बँकेत नव्हे. तिथे एकवीस वर्षं रोखपालाच्या पिंजऱ्यात बसून दहाची नोटसुद्धा कधी इकडची तिकडे झालेली नाही. झालीच तर ती माझ्या खिशातून तिकडे गेली आहे. अपहार झाला तो पैनगंगेच्या काठी, भरदिवसा आणि वर मोबाइलवर फोटो काढून. त्याचा कबुलीजबाब पुढे देतो आहे. ज्यांनी मला या मार्गाला लावलं त्यांच्यावरचं आरोपपत्रही सोबत जोडलं आहे.

पहिला आरोपी माझा सख्खा भाचा. तो कॅलिफोर्नियात असतो. तिकडच्या शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी, म्हणून अमेरिकेतली आपली माणसं ऐन पावसाळ्यात भारत बघायला येतात आणि इथे फार चिखल असतो असं मत घेऊन परत जातात. तर हा भाचा उमरखेडला आला, बॅग उघडली, मुलांना चॉकलेटं वाटली, मामीला सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि माझ्यापुढे एक पेटी ठेवली. पेटीत वीतभर लांबीचा एक मासा होता. अंगावर ठिपके, बाजूला गुलाबी पट्टा, डोळे पाणीदार.

"अगंबाई, हा फ्रिजमध्ये ठेवायला हवा का?" आमच्या सौ.नी विचारलं.

"मामी, रबरी आहे तो. याला स्विमबेट म्हणतात."

मग भाच्याने जी माहिती दिली ती अशी. अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. तोंड मोठं, भूक त्याहून मोठी. कॅलिफोर्नियाच्या तलावांत सरकार ट्राउट मासे वाढवून सोडतं. ते लोकांनी गळाला लावून न्यावेत हा हेतू. पण लोकांच्या आधी बास ते गिळतात. तेव्हा १९८०च्या सुमाराला काही हुशार मंडळींनी विचार केला की बासला ट्राउट आवडतो, तर आपण त्याला लाकडाचा किंवा रबराचा ट्राउट देऊ. हा रबरी मासा दोरीने सावकाश ओढला की शेपूट खऱ्यासारखी वळवळते. बास धावून येतो आणि पोटात ट्राउटऐवजी काटा शिरतो. आपल्याकडे अशा व्यवहाराला योजना म्हणतात. तिच्या एजंटाला कमिशन मिळतं.

"पण आपल्या पैनगंगेत बास नाही," मी म्हणालो.

"मरळ आहे ना, मामा! मरळ म्हणजे तुमच्याकडचा बासच."

तेही खरं. मरळ गवतात दबा धरून बसते आणि समोरून काही वळवळत गेलं की झडप घालते. मधूनमधून वर येऊन हवा पिऊन जाते. बाजारात तिला भाव चांगला, कारण काटे कमी. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा केलं आहे. मात्र आमच्या मरळीने ट्राउट जन्मात पाहिला नव्हता. तिला तो आवडेल हे भाच्याने कोणाला विचारून ठरवलं, ते त्यालाच ठाऊक.

मग सुरू झाला नवशिक्यांचा वर्ग. रबरी मासा जड, म्हणून दांडी जाड हवी. दांडी जाड, म्हणून चक्री मोठी. चक्री मोठी, म्हणून दोरा विणलेला. पाणी गढूळ असलं तर गडद मासा, स्वच्छ असलं तर फिका, ऊन असलं तर चंदेरी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एका बाजूला खर्च मांडत गेलो, आणि दुसऱ्या बाजूला एकही मासा जमा होण्याआधी बेरीज माझ्या महिन्याच्या किराण्यापलीकडे गेली. तेव्हा मला कळलं की रबरी मासा पाण्यात पडण्याआधी दुकानाच्या काचेमागे पोहत असतो, आणि तिथे त्याला गिऱ्हाईक हमखास लागतं.

हा माझा पहिला मुद्दा. याला पुरावा खुद्द अमेरिकेतलाच देतो. बासचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या एका गरीब शेतकरी पोराने केला. मासा दहा किलोंच्या वर भरला. असं सांगतात की त्याच्याकडे आणि त्याच्या मित्राकडे मिळून नकली मासा एकच होता. मासा पोस्टात नेऊन तोलला आणि घरी नेऊन खाल्ला. पुढे २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. मधली सत्त्याहत्तर वर्षं दुकानं नकली माशांनी भरत राहिली. पेरीचा विक्रम काही त्यांना हलला नाही.

पण हा मुद्दा लहान आहे. पैसे काय, माणूस कशातही घालवतो.

आम्ही नदीवर जायला लागलो. अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी चालत नाही, धरणं-तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात. म्हणून गावाच्या दक्षिणेला, पुराचं पाणी ओसरून मागे राहिलेल्या एका डोहाशी आम्ही बस्तान मांडलं. तिथे एक म्हातारे ढीवर रोज जाळं विणत बसत. त्यांना सगळे आबाजी म्हणतात. माझे ते जुने खातेदार, अंगठ्याच्या सहीवाले. आबाजींनी आमचा मासा हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "केवढ्याले हाय हा?"

मी किंमत सांगितली.

"येवढ्या पैशात त जित्ते मासे येतेत ना, सायेब!"

पहिल्या फेकीत ट्राउट बेशरमाच्या झुडपात गेला. दुसऱ्या फेकीत एका म्हशीच्या पाठीवर बसला. म्हैस शांत होती, तिचा मालक नव्हता. तिसऱ्या दिवशी तो पाण्याखालच्या कशात तरी अडकला आणि कायमचा वारला. पुढे जे काही शिकलो ते आबाजींकडून आणि नदीकडून. मासा घ्यावा तो बोटभर, वीतभर नव्हे. काट्याचं टोक रबराच्या अंगात दडलेलं असावं, म्हणजे गवतात अडकत नाही. टाकायचा तो मरळीच्या डोक्यावर नाही, तिच्या पलीकडे. आणि ओढायचा इतका हळू की आपलाच धीर सुटावा. वेळ पहाटेची. एवढ्यावर काम भागतं. नवशिक्याला शिकवण्यासारखं एवढंच आहे, असं मी तेव्हा समजत होतो.

आता अपहाराचा दिवस. श्रावणातला रविवार होता. श्रावणात आमच्या घरी मासा शिजत नाही. पण भाच्याने पळवाट काढली होती. "आपण खायचंच नाही, मामा. पकडायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं. श्रावणही मोडत नाही आणि मासाही मरत नाही." मला हे पटलं. नियम न मोडता नियमाबाहेर जाण्याची वाट दिसली की नोकरदार माणसाला ती पटतेच.

पाऊस उघडलेला होता. पण डोहाच्या कडेला, पाटाएवढ्या जागेत, पाण्यावर थेंब पडल्यासारखं काहीतरी टपटपत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर पाण्याला लालसर रंग चढलेला. शेकडो इवली लाल पिलं, हवा प्यायला वर येत होती आणि पुन्हा खाली जात होती.

भाचा कुजबुजला, "मामा, लॉटरी! खाली मरळ असणारच. पिलांच्या मधोमध टाका. ती चावल्याशिवाय राहत नाही."

पहिल्या फेकीला पाणी हललं. दुसऱ्या फेकीला रबरी माशाला धक्का बसला, काटा लागला नाही. तिसऱ्या फेकीला दांडी वाकली. माझ्या आयुष्यातली पहिली मरळ! हातभर लांब, काळीभोर पाठ. आम्ही ती धरली. मी एकट्याचा फोटो, भाच्याचा फोटो, दोघांचा फोटो. पहिल्या फोटोत माझे डोळे मिटले म्हणून पुन्हा एक. मग मोठ्या मनाने तिला पाण्यात सोडली. ती क्षणभर आडवी तरंगली आणि खोल निघून गेली.

आबाजी उठून आले. माझ्या मरळीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी डोहाकडे बोट केलं.

"बाप होता थो त्याइचा. आता पाहा."

मी पाहिलं. लाल डागाच्या कडा फाटल्या होत्या. खालून कोणीतरी येत होतं, पाण्यावर लहानसा भोवरा उठत होता आणि डाग आणखी लहान होत होता. आम्ही डोळे मिटलेला फोटो दुरुस्त करत होतो, तेवढ्या वेळात हे चाललं होतं.

व्याकरणात मरळ स्त्रीलिंगी आहे, पण पिलांवर पहारा आई-बाप दोघं देतात, आणि पुष्कळदा बापच नेटाने देतो. बँकेच्या भाषेत ती पिलं म्हणजे अज्ञान खातेदार आणि तो त्यांचा अ.पा.क., अज्ञान पालन कर्ता. अज्ञानाच्या खात्याला हात लावायचा तर बँकेत साहेबसुद्धा दोनदा विचार करतात. मी तर पालनकर्त्यालाच उचलून फोटो काढत बसलो होतो.

घरी येताना मला एक बाई आठवल्या. त्याच महिन्यात त्या माझ्या खिडकीशी आल्या होत्या, हात थरथरत होते. साठवलेले सगळे पैसे लगेच एका परक्या खात्यावर पाठवायचे होते, कारण फोन आला होता: "तुमच्या मुलाला पोलिसांनी धरलंय." मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मुलाला फोन लावून दिला. मुलगा पुण्यात मेसमध्ये जेवत होता. त्या दिवशी मी घरी येऊन फार बढाई मारली. लॉटरीच्या फोनला फसतो त्याची हाव फसते, त्याला मी एक वेळ हसून घेतो. पण पोराच्या नावाने आईला फसवणं म्हणजे नीचपणाची कमाल, असं मी सौ.ना तीन वेळा ऐकवलं.

आणि त्याच महिन्यात मी काय केलं? तो मासा भुकेने चावला नव्हता. पोरांमध्ये कोणी परका घुसला म्हणून तो आला होता. रबरी मासा माशाच्या हावेवर चालतो तोवर तो खेळ आहे. हाव गळाला लागायचीच. माशाची लागते, माणसाचीही लागते. पण पिलांच्या मधोमध टाकलेला रबरी मासा हावेवर चालत नाही. तो त्या फोनवर चालतो.

म्हणून माझा मुख्य आरोप असा: नवशिक्याला दांडी, चक्री, दोरा, रंग सगळं शिकवतात, आणि हे एक शिकवत नाहीत. उलट लाल डाग दिसला की लॉटरी लागली असं शिकवतात. खुद्द बासचंही असंच आहे. वसंतात नर घरटं करतो आणि अंडी-पिलं राखतो. तेव्हा तो कशालाही चावतो आणि म्हणूनच नवशिक्यालाही सापडतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात कित्येक ठिकाणी त्या दिवसांत बास धरायला बंदी असते. आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रावरही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. माशांच्या बाळंतपणाची रजा आपल्याला नवीन नाही.

"पण आम्ही सोडून देतो ना!" हा माझ्या भाच्याचा बचाव. उत्तर अमेरिकेत बासवर अभ्यास झाले आहेत. घरट्यावरचा नर थोडा वेळ जरी उचलला तरी भोवतीचे मासे अंड्यांवर तुटून पडतात, आणि दमलेला बाप परत येऊन कधी कधी घरटंच सोडून देतो. गल्ल्यातली रक्कम संध्याकाळी परत ठेवली तरी तिला तात्पुरता अपहारच म्हणतात, आणि नोकरी जाते.

"लोक सुरुंग लावून मासे मारतात, त्यांना बोला!" हा दुसरा बचाव. त्यांना तर इंग्रजांनी १८९७ सालीच कायदा करून बोलून ठेवलं आहे. कोणी कोटींचा घोटाळा केला म्हणून रोखपालाला दहा रुपये उचलण्याची मुभा मिळत नाही. आणि आबाजींच्या जाळ्याकडे बोट दाखवू नका. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि लाल डाग दिसला की जाळं दुसरीकडे टाकताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पुढच्या सालीबी त जगाव लागते ना, सायेब."

भाचा परत गेला. जाताना म्हणाला, "मामा, तुम्ही फार मनावर घेता." असेल. तिकडून त्याने नवा रबरी मासा पाठवला आहे, या वेळी मरळीच्याच रंगाचा. तो कपाटात आहे. दिवाळीनंतर काढीन, पिलं मोठी झाल्यावर. तोवर रविवारी डोहावर जातो, पण दांडी नेत नाही. आबाजी जाळं विणतात, मी त्यांच्या पासबुकाच्या नोंदी वाचून दाखवतो.

फोटो मात्र मी पुसलेला नाही. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. दुसरा, चांगला आलेला, पुसून टाकला.