हलके यंत्र आणि दीर्घ सोबत

मनुष्य एखादी वस्तू विकत घेतो त्या दिवशी त्यास जो आनंद होतो, तो बहुधा त्या वस्तूचा नसून नवेपणाचा असतो. खऱ्या समाधानाची परीक्षा पुष्कळ वर्षांनी होते. आमच्या जव्हार-मोखाड्याकडील शेतकरी कोयता घेताना त्याच्या चकाकीस भुलत नाही. तो हातात तोलून पाहतो, मूठ कशी बसते ते पाहतो, आणि किती पावसाळे हा आपणास साथ देईल याचा अंदाज घेतो. लॅपटॉपसारखी महाग वस्तू घेताना मात्र हाच विवेक सुज्ञ पालकांच्याही हातून सुटतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते.

आमचे मत थोडक्यात असे की, ज्या यंत्राचे ओझे वाटत नाही आणि जे दुरुस्त करता येते, तेच यंत्र दीर्घकाळ समाधान देते. मोठा पडदा, रंगीत दिवे, खेळांसाठी लागणारी अफाट शक्ती, यांचे कौतुक चार महिन्यांत ओसरते. हलकेपणाचे सुख मात्र दररोज नव्याने मिळते. सुमारे सव्वा किलो वजनाचे एक साधे यंत्र आम्ही गेली आठ वर्षे वापरीत आहोत, आणि हे मत त्या अनुभवातून बनले आहे.

हलकेपणा ही पूर्वी सहज मिळणारी गोष्ट नव्हती. १९८१ साली ‘ऑसबॉर्न’ नावाचा संगणक ‘सोबत नेता येणारा’ म्हणून बाजारात आला; त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते! २००८ च्या जानेवारीत ‘ॲपल’ कंपनीने १.३६ किलोचा लॅपटॉप कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखविला, तेव्हा जगास नवल वाटले. आज तेवढ्या वजनाची यंत्रे सामान्य दुकानांतून मिळतात.

मुलांसाठी म्हणून हलके यंत्र घडविण्याचा एक प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला, तो पालकांनी ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या चळवळीने २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीतील शाळेत आपली हिरवी-पांढरी यंत्रे दिली. त्यांचे वजन दीड किलोच्या आसपास होते. भर उन्हात अक्षरे वाचता यावी असा त्यांचा पडदा होता, आणि धूळ व पाणी आत जाऊ नये म्हणून कळफलकावर रबराचे आवरण होते. शंभर डॉलरमध्ये यंत्र देण्याचा या चळवळीचा संकल्प सिद्धीस गेला नाही, आणि आपल्या देशात तिचा म्हणावा तसा प्रसारही झाला नाही. तथापि तिच्यामागील विचार खरा होता. मुलाचे यंत्र मुलास पेलले पाहिजे, त्याच्या घरी गेले पाहिजे, आणि त्याच्या गावच्या हवेत टिकले पाहिजे.

आता आपल्या भागाचा विचार करू. जव्हारास किंवा मोखाड्यास आगगाडी नाही. पाड्यावरून पायवाटेने सडकेपर्यंत, तेथून एस.टी.ने शाळेपर्यंत, असा आपल्या अनेक विद्यार्थ्यांचा क्रम आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक असू नये. पस्तीस किलो वजनाच्या मुलाने साडेतीन किलोच उचलावे, असा याचा अर्थ. त्यात अडीच किलोचे यंत्र घातले तर पुस्तके, वह्या, डबा व पाणी यांस अवघा एक किलो उरतो. सव्वा किलोचे यंत्र असेल तर सव्वादोन किलो उरतात. जड यंत्र अखेर घरीच राहते, आणि घरी राहिलेले यंत्र हळूहळू करमणुकीपुरतेच उरते.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात दिवे केव्हा जातील याचा नेम नसतो. मेजावरचा संगणक स्वस्त पडतो व त्याचे भागही सहज बदलता येतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दिवे गेले की तो मुका होतो. लॅपटॉपची बॅटरी अशा वेळी काही तास अभ्यास चालू ठेवते. शिवाय दिवाळीनंतर आपल्याकडील अनेक कुटुंबांस कामासाठी वसई-भिवंडीकडे जावे लागते. मुलाची विद्या त्याच्याबरोबर जावयाची असेल, तर तिचे साधनही बरोबर जाण्याजोगे हवे.

कोणी म्हणेल, ‘मग मोबाइल काय वाईट?’ वाचावयास व ऐकावयास तो पुरतो. परंतु दोन पानांचा निबंध लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, अथवा मराठी टंकलेखन शिकणे, ही कामे बोटभर पडद्यावर नीट होत नाहीत. ज्यास मागणाराच न राहता लिहिणारा व करणारा व्हावयाचे आहे, त्यास कळफलक पाहिजे.

हलक्या यंत्रांतही दोष आहेत. पुष्कळांत स्मृतीचा भाग मुख्य पाटीवर डाखलेला असतो. तो पुढे वाढविता येत नाही. म्हणून घेतानाच तो पुरेसा घ्यावा, आणि बॅटरी बदलता येते काय, सुटे भाग मिळतात काय, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणारी तबकडी असते. चालू यंत्रास धक्का बसला तर तिला इजा होते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून आमच्या घाटवाटांस तीच योग्य. उत्तम स्थितीतील जुने यंत्र पारखून घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र टिकविणे तुमच्या हाती आहे. पडद्याचा कोपरा धरून यंत्र उचलू नये. पावसात ते आधी प्लास्टिकच्या पिशवीत व मग दप्तरात ठेवावे. ओले झाल्यास ते ताबडतोब बंद करून पूर्ण वाळू द्यावे. बॅटरीस उष्णता बाधते, म्हणून ते उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये. नेहमी शंभर टक्के भरून ठेवण्यापेक्षा वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान वापरणे हितकारक. आणि यंत्र मंद झाले म्हणून टाकून देऊ नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा संपला, तेव्हा पुष्कळ चांगली यंत्रे निकामी समजली गेली. परंतु लिनक्ससारखी मोफत प्रणाली त्यांतील अनेकांस नवे आयुष्य देते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा प्रारंभ केला, हेही ध्यानात ठेवावे.

यात कर्तव्याचाही भाग आहे. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला, व त्यातील चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापरासाठी गोळा झाल्याची नोंद नाही. आपल्या यंत्राचे आयुष्य दुप्पट करणारा मनुष्य या ढिगात आपल्याकडून होणारी भर निम्म्याने कमी करतो.

ज्या पालकांस एकही यंत्र घेणे शक्य नाही, त्यांचा विसर पडता कामा नये. शाळांनी काही हलकी यंत्रे ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे घरी देण्यासाठी ठेवावीत, आणि माजी विद्यार्थ्यांनी आपली जुनी पण धड यंत्रे त्या कपाटात आणून द्यावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. एक यंत्र जपून वापरले तर थोरल्या भावानंतर धाकट्या बहिणीसही उपयोगी पडते. सोपविलेली वस्तू विश्वासूपणे सांभाळून पुढच्याच्या हाती धड देणे, हा गुण एकदा अंगी बाणला म्हणजे तो यंत्रापुरताच राहत नाही.