मंगळावर कोयता कोण धरणार?

एक साधा प्रश्न. आतापर्यंत पाहिलेल्या सिनेमांत परग्रहावरचं यान कुठं कुठं उतरलं? न्यूयॉर्क, लंडन, फार तर टोकियो. तेच यान तेलगावच्या फाट्यावर, बीड-परळी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं उतरलं असं कुणी सांगितलं तर? हसू आलं ना? मला त्या हसण्याबद्दलच बोलायचंय. भविष्यकाळ म्हटलं की तो दुसऱ्या कुणाच्या तरी गावात घडणार, हे आपण मनातून मान्यच करून टाकलंय.

विज्ञानकथा म्हणजे टाइमपास, असं अनेकांना वाटतं. इतिहास वेगळं सांगतो. १८६५ मध्ये ज्यूल व्हर्ननं चंद्रावर माणसं पाठवण्याची कादंबरी लिहिली. त्यात फ्लोरिडातल्या एका अजस्र तोफेतून माणसांना चंद्राकडं उडवतात. शास्त्र म्हणून ही कल्पना साफ चुकीची, कारण तोफेच्या त्या धक्क्यात आतली माणसं जागेवरच मेली असती. पण रशियातल्या कालुगा गावातल्या त्सिओल्कोव्हस्की नावाच्या, कानानं अधू असलेल्या शाळामास्तरानं व्हर्न वाचला. तोफेनं जमणार नाही, मग कशानं जमेल, याचं गणित करत त्यानं १९०३ मध्ये रॉकेटचं समीकरण प्रसिद्ध केलं.

तिकडं अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड शाळकरी वयात एच. जी. वेल्सची मंगळवासीयांची कादंबरी वाचून झपाटला होता. द्रवरूप इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट त्यानं १६ मार्च १९२६ ला उडवलं, तेही एका नातेवाइकाच्या शेतातून! अडीच सेकंद उडून ते कोबीच्या वाफ्यात पडलं. पुढं ४३ वर्षांनी, १९६९ मध्ये, माणूस खरोखर चंद्रावर गेला आणि निघाला फ्लोरिडातूनच. विज्ञानकथा उत्तर देते असं नाही. ती प्रश्न डोक्यात असा घुसवते की तो झोपू देत नाही.

हे सगळं गोऱ्या लोकांचं झालं, आपलं काय, असं म्हणाल. मग ऐका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक कोण, तर नारायण विनायक जगताप. हे नाव खोटं होतं. त्यामागं होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून पाहा, ज. वि. ना. आणि ना. वि. ज. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ असून नावाच्या वजनावर बक्षीस नको म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. पुढं १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी केली. तिथं संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरुत्वीय लहरी गोंगाटातून वेगळ्या कशा ओळखायच्या, यावर वर्षानुवर्षं काम केलं. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळून उठलेली अशी लहर माणसानं पहिल्यांदा पकडली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळेत.

आता तिसरी लायगो भारतात होतेय. कुठं? बंगळूरला नाही, पुण्यात नाही. आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ! एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल मोजणारं यंत्र. तेलगावहून माजलगाव, परभणी करत गेलं तर एका दिवसात जाऊन परत येता येईल. ‘इंटरस्टेलर’ सिनेमा तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. त्याचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये याच लायगोच्या कामासाठी नोबेल मिळालं. म्हणजे त्या सिनेमातला शास्त्रज्ञ आणि औंढ्याचं माळरान एकाच धाग्यात आहेत. तरीही आपल्या वर्गातल्या कितीजणांनी ‘लायगो’ हा शब्द ऐकलाय, विचारून बघा.

इथं एक आवाज हमखास येतो. ‘प्यायला पाणी नाही अन् गप्पा मंगळाच्या!’ हा आवाज घरातलाच असतो आणि तो खोटा नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. पण याच प्रश्नाकडं दुसऱ्या बाजूनं बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नळ नाही, टँकर नाही. तिथले लोक घाम, लघवी आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा प्यायचं पाणी करतात. २०२३ मध्ये नासानं जाहीर केलं की आता ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं. थेंब न् थेंब परत कसा वापरायचा, हा अंतराळवीरांचा प्रश्न आणि आपला प्रश्न वेगळा आहे का? पावसाचा अंदाज, भूजलाचे नकाशे, पिकांची पाहणी, या सगळ्यात उपग्रह आहेतच. त्यामुळं पाणी की अंतराळ, हा सामनाच मुळात चुकीचा लावलाय.

मात्र म्हणून प्रत्येक अंतराळस्वप्नाला टाळ्या वाजवायच्या, असंही नाही. मंगळावर वस्तीच्या ज्या गोष्टी आपल्याला विकल्या जातात, त्यात घर सोडून जाणं हे मोठं रोमांचक साहस असतं. आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाडं बैलगाड्यांत, ट्रकमध्ये चढतात. कुणी इथल्याच कारखान्यावर, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. त्यांना विचारा, घर सोडणं म्हणजे काय असतं ते. आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, मग कोयता चालवून ती फेडायची, कोपीत राहायचं, पोरांची शाळा बुडवायची.

जानेवारी २०२० मध्ये एलॉन मस्क यांनी ट्विटरवर काय सांगितलं माहितीय? मंगळावर जायला ज्यांच्याकडं पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल, आणि तिथं कामं भरपूर असतील. जगानं त्याला भविष्य म्हटलं. आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की याला उचल म्हणतात! हिशेब कोण लिहिणार, आजारी पडलं तर खाडा धरणार का, आणि काम पटलं नाही तर परत यायची गाडी कुठली, हे प्रश्न कॅलिफोर्नियातल्या लेखकाला सहज सुचणार नाहीत. तेलगावात वाढलेल्या पोरीला ते पहिल्या पानावरच सुचतील. म्हणून भविष्याच्या गोष्टी आपणही लिहायला हव्यात. एखादा पुरस्कार मिळावा म्हणून नव्हे, तर आपण गोष्टीत नसलो की आराखड्यातही नसतो म्हणून.

मराठीत ही वाट नवी नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथा लिहिल्या. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडं होतं. २० मे २०२५ ला ते गेले. स्टेटसला फोटो लावून आपण श्रद्धांजली वाहिली. त्यांची किती पुस्तकं आपल्या कॉलेजच्या लायब्ररीतून यंदा बाहेर पडली, हा प्रश्न मात्र राहिलाच.

तेव्हा एवढं करा. ‘यक्षांची देणगी’ लायब्ररीत मागा; नसेल तर मागणी नोंदवा. चार जण मिळून औंढ्याला जाऊन या. आणि कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी यंदा प्रेमकवितेसोबत एक विज्ञानकथा द्या. साल २०७५, पहिलं यान मंगळावर टोळी घेऊन निघालंय आणि यादीत तुमच्या गल्लीतलं एक नाव आहे. ती पायलट आहे की उचल घेतलेली मजूर, हे तुम्ही ठरवा. नाहीतर ते दुसरं कुणीतरी ठरवेल.