वाचाच, पण कोणी?

मराठी मंडळाच्या अंकात पुस्तकांवर लिहायला बसलं की आपला हात भलताच सैल सुटतो. भाषा ओघवती, शैली प्रवाही, मुखपृष्ठ देखणं, प्रत्येकाच्या संग्रही असावंच. मीही हौसेने पुस्तकांवर लिहितो, भेटेल त्याला सुचवतो. पण प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. पुस्तक कोणी वाचू नये, हेही परीक्षणात यायला हवं.

परदेशात तर हे फारच गरजेचं. इथे मराठी पुस्तक येतं ते बहुधा कोणाच्या तरी बॅगेतून. 23 किलोंत गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि सासूबाईंचे लाडू यांच्याशी भांडून एखादी जाडजूड कादंबरी जागा मिळवते. ती पन्नासाव्या पानावर मिटली, की पुढच्या खेपेला मसालाच जास्त येतो.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घ्या. 1939 सालची, एका शनिवारात संपणारी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, मायदेशी परतणारा चक्रधर आणि त्याला बोटीवर भेटलेली हॅर्टा. मराठी वाचन सुटलेल्या, पण इंग्रजीत महायुद्धाबद्दल मिळेल ते वाचणाऱ्या माणसाच्या हातात मी हे पुस्तक हमखास ठेवतो. मराठी कादंबरी म्हणजे वाडा, माजघर आणि सासुरवास, हा त्याचा समज लगेच गळून पडतो. मात्र चक्रधर काही गोजिरवाणा नायक नव्हे. आधीच्या प्रेमभंगाने तो कडवट झालाय, बायकांबद्दलचा त्याचा सूर आज खटकतो, आणि शेवट जिवाला लागतो. दिवसभर ऑफिसात पिचून आलेल्याने ते उघडू नये. त्याने चिं. वि. जोशींचा विनोदी चिमणराव घ्यावा.

दुसरं म्हणजे आपली परीक्षणं कथा-कादंबरी-आत्मचरित्रापलीकडे जातच नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मंडळातल्या आजोबांसमोर त्यांच्या 'झुंजार' या नायकाचं नाव काढून बघा, चेहरा खुलतो की नाही! पण या रहस्यकथांवर लिहायचं म्हटलं की आपल्याला कमीपणा वाटतो. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 पासून स्वयंपाकघरात आहे, तिच्यावर तरी कोण लिहितं? खरं तर तिथे लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. मापं वाटी-चमच्याची आहेत. काट्यावर ग्रॅम मोजून रांधणाऱ्या मुलीने आधी घरातली एक वाटी कायमची ठरवून घ्यावी, एवढं सांगितलं तरी अलंकारिक प्रशस्तीपेक्षा तिला जास्त उपयोग होईल.

यावर ठरलेला आक्षेप असा, की आधीच मराठी कोणी वाचत नाही, त्यात नावं कशाला ठेवायची? मला वाटतं, सरसकट कौतुकानेच वाचक जातो. एकदा फसलेला माणूस आपल्या पुढच्या शिफारशीकडे ढुंकूनही बघत नाही. आणि खरी अडचण वेगळीच असते: लेखक पुढच्या स्नेहसंमेलनात शेजारच्या खुर्चीवर बसणार असतो! यावर एक उदाहरण आठवतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. नावाचं वजन नसतानाही तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षण करणाऱ्यानेही मुखपृष्ठावरचं नाव असंच झाकून वाचावं.

म्हणून संपादकांना सुचवतो: पुढच्या अंकापासून प्रत्येक परीक्षणाखाली 'कोणी वाचू नये' अशी एक ओळ सक्तीची करा. सभासदांच्या स्वतःच्या पुस्तकांनाही त्यातून सूट नको.